बांधावरच्या झाडांना छाटणीचं वेळापत्रक द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग लागला की बांधावर झाडं लावण्याची आवाहनं सुरू होतात. रोपांच्या गाड्या गावात येतात, खड्डे होतात, फोटो निघतात. पुढच्या मे महिन्यात त्याच बांधावर जाऊन पाहिलं तर रोपांसाठी केलेली आळी दिसतात, रोपं दिसत नाहीत. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी चढती उद्दिष्टं ठेवली गेली आणि ती सगळी रोपांच्या संख्येत होती. शेतकऱ्याच्या बांधापुरतं बोलायचं तर रोप लावायला एक सकाळ पुरते. ते झाड पिकाशी नांदतं ठेवायला मात्र पुढची दहा वर्षं, वर्षातून दोन-तीनदा, कोयता घेऊन बांधावर जावं लागतं. या दुसऱ्या कामाची वेळ, उंची आणि पद्धत कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. यातली माहिती मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातल्या कोरडवाहू काळ्या व मुरमाड जमिनींपुरती आहे. कोकणाचं गणित वेगळं आहे.

आधी रोप का मरतं ते पाहू. बहुतेक रोपं पहिल्या उन्हाळ्यात जातात आणि पाणी कमी पडणं हे त्याचं एकच कारण नसतं. हरभरा-ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चपासून जनावरं मोकळी सुटतात आणि शेंडा खाल्ला जातो. काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्या भेगा रोपाच्या कोवळ्या मुळ्या अक्षरशः तोडतात आणि उरलेल्यांना हवा लागून त्या वाळतात. एप्रिल-मेमध्ये धुरे, म्हणजे बांध, पेटवण्याची सवय अजून गेलेली नाही. एका काडीत तीन वर्षांची झाडं करपतात. आणि अलीकडचं मोठं कारण म्हणजे बांधावरचं गवत मारायला फवारलेलं तणनाशक. गवताबरोबर गुडघाभर उंचीचं रोपही पिवळं पडून जातं आणि शेतकरी म्हणतो, रोपच खराब होतं.

उपाय साधे आहेत, पण ते लागवडीच्या दिवशीच करायचे असतात. मुरमाड जमिनीत ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डा घ्यावा, वरच्या थरातली माती आणि ५ किलो कुजलेलं शेणखत भरावं आणि पाणी धरणारं खोलगट आळं करावं. काळ्या जमिनीत याच्या उलट करायचं. तिथं खोलगट आळ्यात पाणी साचून ऑगस्टमध्येच मूळकूज होते, म्हणून माती आजूबाजूपेक्षा वीतभर उंच चढवून रोप त्या उंचवट्यावर लावावं. जानेवारीत भेगा दिसायला लागल्या की खुरप्यानं हात-दीड हात घेर भुसभुशीत करून भेगा बुजवाव्यात आणि त्यावर १० ते १५ सेंटिमीटर जाडीचं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) किंवा पाचोळा पसरावा. पाचोळा खोडाला टेकू देऊ नये, चार बोटं मोकळी सोडावीत. नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. रोपाभोवती बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्या रोवाव्यात. बांधावरच्या गवताला विळाच लावावा.

आता सावलीचं. शेतकऱ्यांचा झाडांवरचा खरा राग सावलीवर असतो आणि तो खोटा नाही. परंतु सावली कुठं पडते हे बांधाच्या दिशेवर ठरतं, आणि लागवड करताना ती दिशा कुणी पाहतच नाही. आपल्याकडे डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की झाडाची सावली जवळपास त्याच्या उंचीइतकी लांब, उत्तरेकडे पडते. ६ मीटरचं झाड असेल तर दुपारची सावली साडेपाच-सहा मीटर. बांध पूर्व-पश्चिम जात असेल तर त्याच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात हरभऱ्याची, ज्वारीची पाच-सहा मीटर रुंद ओळ हिवाळाभर सावलीत राहते. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे खरिपात हाच त्रास बराच कमी असतो. बांध दक्षिणोत्तर असेल तर सावली सकाळी पश्चिमेकडे, दुपारनंतर पूर्वेकडे सरकते आणि कोणत्याच ओळीला दिवसभर अंधार नसतो.

म्हणून उंच झाडं दक्षिणोत्तर बांधावर घ्यावीत. पूर्व-पश्चिम बांधावर घ्यायचीच असतील तर जिथं उत्तरेला नाला, गाडीवाट किंवा पडीक आहे तिथंच. आपल्या वावराच्या उत्तर बांधावर उंच झाडं लावली की आपलं पीक वाचतं खरं, पण सावली जाते शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर, आणि भांडण आठ-दहा वर्षांनी, झाड तोडणीला आलेलं असताना उभं राहतं. सामाईक बांध असेल तर लागवडीआधी शेजाऱ्याशी बोलून, कोणती झाडं कुणाची आणि छाटणी कोण करणार हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. बांधातून जादा पाणी काढून देणाऱ्या सांडव्याच्या तोंडात झाड कधीच नको. पहिल्या जोराच्या पावसात पाणी त्याला वळसा घालून बांध फोडतं.

उंच झाडांत या भागाला जुनी माहीत असलेली रामकाठी बाभूळ पुन्हा आणायला हवी. तिच्या फांद्या खोडाला धरून सरळ वर जातात, घेर अरुंद राहतो, त्यामुळे साध्या बाभळीपेक्षा सावली पुष्कळच कमी. ५-६ मीटरवर एक झाड चालतं. कडुनिंबाला ८ ते १० मीटर अंतर द्यावं. या झाडांची छाटणी रब्बीच्या पेरणीआधी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकावी, कारण सावलीचा त्रास तिथून पुढे सुरू होतो. पहिली तीन-चार वर्षं झाडाच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांश भागातल्याच फांद्या काढाव्यात. अधिक सोललं तर खोड बारीक राहतं आणि वाऱ्यानं वाकतं. बाभळीच्या फांद्यांचा पाला शेळ्यांना, काट्या पुढच्या वर्षीच्या रोपांच्या कुंपणाला. म्हणजे जुनं झाड नव्या रोपाची राखण करतं आणि तारेचा खर्च वाचतो.

मुळांचं काय, हा पुढचा प्रश्न. तिसऱ्या वर्षापासून झाडापासून एक ते दीड मीटर सोडून, पिकाच्या बाजूनं ६० सेंटिमीटर खोल आणि ३० सेंटिमीटर रुंद चर काढला की पिकाच्या थरात आडव्या पसरलेल्या मुळ्या तुटतात आणि झाड खोल मुळ्यांवर जगायला लागतं. मुरमाड जमिनीत चर उघडा ठेवला तर पाणीही जिरतं. काळ्या जमिनीत तो ढासळतो. तिथं दोन वर्षांतून एकदा मे महिन्यात बांधाला समांतर खोल नांगराचं एकच तास (नांगराची एक रेघ) मारलं तरी काम होतं. एका वर्षात दोन्ही बाजूंच्या मुळ्या तोडू नयेत, वादळात झाड आडवं होतं.

परंतु कोरडवाहू शेतकऱ्यानं सुरुवात उंच झाडांपासून करू नये. ती गिरिपुष्पापासून करावी. काही भागांत याला उंदीरमारी म्हणतात. हे झुडूप शेंगावर्गीय असल्यानं हवेतलं नत्र धरतं, छाटलं की पुन्हा फुटतं, कंबरेएवढं ठेवता येतं म्हणून सावलीची तक्रार येत नाही, आणि ताज्या पाल्याच्या वासामुळे मोकाट जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. आपल्या बांधावर ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची आहे.

इथं कोकणातली एक सवय जशीच्या तशी उचलली जाते आणि फसते. तिकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात गिरिपुष्पाची काठी रोवली की जगते. ७००-८०० मिलिमीटरच्या पट्ट्यात रोवलेल्या काठीला पालवी फुटते, पावसाळाभर ती हिरवी दिसते आणि मार्चमध्ये वाळते, कारण काठीला सोटमूळ नसतं, मुळ्या वरच्या थरातच राहतात. मराठवाड्यात बियांचीच रोपं हवीत. शेंगा मार्च-एप्रिलमध्ये पिवळट तपकिरी होतात; तडकण्याआधी तोडून कागदावर सावलीत वाळवाव्यात, नाहीतर बिया दूर उडतात. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पिशवीत दोन-दोन टाकावं. आठ-दहा दिवसांत उगवतं. जुलैपर्यंत वीत-दीड वीत रोप तयार होतं आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर ते बांधावर जातं. दोन रोपांत ५० सेंटिमीटर अंतर पुरे. १०० मीटर बांधाला २०० रोपं.

पहिलं वर्ष कोयता लावायचा नाही. दुसऱ्या पावसाळ्यात, झुडूप डोक्याएवढं झालं की, जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर पहिला काप. काप तिरका आणि एका घावात असावा. बोथट कोयत्यानं साल खाली ओढली गेली तर त्या फाटीतून खोड कुजतं आणि फुटवे फक्त एका बाजूला येतात. दरवर्षी जुन्या कापाच्या दोन बोटं वर कापत जावं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पहिली दोन वर्षं अजिबात छाटू नये.

तिसऱ्या वर्षापासून वर्षात तीन कापण्या घेता येतात आणि प्रत्येकीचा उपयोग वेगळा आहे. जूनची कापणी पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी, जमिनीत ओल आल्यावर. पाला पसरून वखराच्या पाळीनं तो मातीत मिसळावा. कोरड्या मातीत पाला पडला तर तो उन्हानं वाळून उडून जातो, नत्रही हवेत जातं. दुसरी कापणी जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कापूस महिना-दीड महिन्याचा असताना. हा पाला मातीत मिसळायचा नाही, दोन ओळींच्या मध्ये अंथरायचा. ऑगस्टमधला पावसाचा खंड आता नेहमीचा झाला आहे. त्या पंधरा-वीस दिवसांत अंथरलेल्या पाल्याखाली हात घातला तर माती गार आणि ओलसर लागते, शेजारच्या उघड्या तासात ती भाजलेली असते. तिसरी कापणी नोव्हेंबरमध्ये, फुलोऱ्याआधी. फळझाडं असतील तर हा पाला त्यांच्या आळ्यात टाकता येतो. सोयाबीनला यातलं काहीच देऊ नये, ते आपलं नत्र आपण कमावतं.

आता आकडे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवेत. ताज्या पाल्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं आणि सुक्या भागात अडीच ते तीन टक्के नत्र. म्हणजे १ टन हिरव्या पाल्यात सहा-सात किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते पावणेएकवीस किलो असतं. एक गोणी युरियाएवढं नत्र मिळवायला तीन टनांच्या आसपास हिरवा पाला लागतो. एका एकराच्या दोन बाजूंचा बांध धरला तर सव्वाशे मीटर होतो, त्यावर अडीचशे झुडपं. कोरडवाहू जमिनीत एका झुडपापासून वर्षाला तीन-चार किलो पाला धरला तर एकरी पाऊण ते एक टन. म्हणजे युरियाच्या एक तृतीयांश गोणीच्या आतबाहेर. गिरिपुष्प लावलं की खत बंद, असं जे भाषणांत सांगितलं जातं ते चूक आहे आणि त्यानं नुकसान होतं: शेतकरी पहिल्याच वर्षी खत तोडतो, कापूस पिवळा पडतो आणि पुढच्या उन्हाळ्यात झुडपं उपटली जातात.

नत्राच्या पैशात मोजलं तर पाला कापण्याची मजुरीही निघणार नाही, अनुदानामुळे युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. फायदा दुसरीकडे आहे. पाल्याबरोबर पालाश, चुना आणि कर्ब जमिनीत जातो, माती झाकली जाते, गांडुळांना खायला मिळतं. पण कर्बाचंही गणित नीट मांडावं. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन आठ लाख किलोच्या घरात असतं. तिथं सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ८०० किलो कर्ब टिकाऊ स्वरूपात साठवावा लागतो. एक टन हिरव्या पाल्यातून जेमतेम १०० किलो कर्ब जातो आणि त्यातला बराचसा जिवाणू खाऊन टाकतात. दोन वर्षांत माती परीक्षणाच्या कागदावर फरक दिसत नाही म्हणून निराश होऊ नये. आणि दोन वर्षांत कर्ब दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये.

यावर उपयोगी युक्ती एकच: पाला एकरभर शिंपडत बसू नये. वावरातला सगळ्यात हलका, पांढरट पडणारा पाच गुंठ्यांचा पट्टा निवडावा आणि वर्षाचा सगळा पाला तिथंच टाकावा. दर चौरस मीटरला दीड ते दोन किलो पडतो, एवढ्यानं जमिनीला काही कळतं. पुढच्या वर्षी पुढचा पट्टा. आठ वर्षांत एकराला एक फेरी होते. बांधापासून १५ मीटरच्या पुढे पाला वाहून नेणं परवडत नाही, म्हणून लांबच्या पट्ट्यासाठी आडव्या बांधावरही ओळ हवी. अडीचशे झुडपं दोन माणसं एका दिवसात कापून अंथरू शकतात. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर बहुधा कोयता बोथट आहे किंवा दोन कापण्यांत फार अंतर पडून फांद्या अंगठ्यापेक्षा जाड झाल्या आहेत.

किडीबद्दल एक खुलासा. गिरिपुष्पावर उन्हाळ्यात काळा मावा येतो. हा मावा चवळी, भुईमुगाकडे जातो, म्हणून त्या पिकांच्या बांधावर लक्ष ठेवावं. कापसावरचा मावा वेगळा आहे, त्याचा दोष या झुडपाला देऊ नये. उलट या माव्यावर मावा खाणारे ढालकिडे उन्हाळा काढतात आणि खरिपात पिकावर उतरतात. बांधावर फवारणी केली तर तेच आधी मरतात.

कडुनिंबाचा उपयोगही बांधावरून थेट पिकापर्यंत न्यावा. पावसाळ्याच्या तोंडावर निंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळी भरडून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून त्यात १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करावं. त्याच दिवशी संध्याकाळी फवारावं. बुरशी लागलेल्या निंबोळ्या वापरल्या किंवा अर्क दोन दिवस ठेवला तर परिणाम मिळत नाही, आणि नाव कडुनिंबाचं खराब होतं. अंडी आणि लहान अळ्या असतानाच याचा उपयोग. बोटभर अळी यानं मरत नाही.

बांधाच्या आतली पिकं एकाच जातीची राहिली तर बांधावरची झाडं फारसं काही करू शकत नाहीत. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन, किंवा बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक, या शिफारशी जुन्या आणि पारखलेल्या आहेत. तुरीची पानगळ आणि खोल मुळं जमिनीला जे देतात ते बांधावरून आणता येत नाही. फक्त सोयाबीनचं कुटार किंवा पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) भुगा पेरणीच्या तोंडावर मातीत गाडू नये. ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पंचवीस दिवसांचं असताना पिवळं पडतं. पऱ्हाटी जानेवारीतच उपटून बारीक करावी, त्यानं गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही मोडतो, आणि शेणाच्या काल्यासोबत पावसाळ्यापर्यंत कुजू द्यावी.

शासनाकडे दोन मागण्या आहेत. देशाचं कृषिवनिकी धोरण २०१४ मध्ये जाहीर झालं, योजना बऱ्याच आल्या. बांध लागवडीचा पैसा मात्र खड्डा आणि रोपावर आधी संपतो. १९९० च्या रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनं या राज्यात फळशेती उभी केली, कारण तिच्यात जगलेल्या झाडांवर पुढच्या वर्षांचं अनुदान अवलंबून होतं. बांधावरच्या झाडांना तेच लागू करावं, आणि त्यात एक भर घालावी: तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षीच्या छाटणीची मजुरी रोजगार हमीच्या कामांत धरावी. कापणीचे दिवस ठरलेले आहेत, मोजमाप बांधाच्या मीटरमध्ये करता येतं, खोटी नोंद लगेच उघडी पडते.

दुसरी मागणी कागदांची. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडं झाडतोडीचं नियमन करणाऱ्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या बांधावरचं झाड तोडायलाही परवानगी लागते. ही माहिती रोप देतानाच लेखी द्यावी. शेतकऱ्यांनीही ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं दरवर्षी नोंदवावीत; जमीन संपादनात किंवा तोडणीच्या वेळी नोंद नसलेल्या झाडाला वाली नसतो. आणि हमखास खरेदीच्या करारावर महागडी इमारती रोपं विकायला कुणी दारात आलं तर खरेदीचा दर, वर्ष आणि झाडाचा घेर करारात लिहिलेला आहे का, एवढं पाहावं. नसेल तर रोप घेऊ नये.

आपल्या शेतीच्या पानावर पेरणीची, फवारणीची चौकट नेमानं येते. तशीच जूनचा पहिला आठवडा, जुलैचा शेवट, सप्टेंबरअखेर आणि नोव्हेंबर अशी वर्षातून चारदा बांधाच्या छाटणीची चौकट छापावी, ही विनंती. तिच्यात कापाची उंची आणि त्या महिन्यात कोणतं झाड छाटायचं नाही हे ठळक असावं. मार्चमध्ये पाचवी, लहानशी चौकट दिली तर उत्तम: गिरिपुष्पाच्या शेंगा तडकण्याआधी तोडा. कोणत्याही तालुक्यात चार-दोन जुनी गिरिपुष्पं शाळेच्या किंवा विश्रामगृहाच्या कुंपणाला सापडतातच, आणि त्यांच्या पिशवीभर शेंगांत अख्ख्या गावाच्या बांधांना पुरेल एवढं बी असतं.

आपला,
कोरडवाहू शेतीचा एक अभ्यासक,
जि. परभणी